ट्रिपल सीट

लग्न झाल्यापासून मायाला वडगाव रासाईत कुणी एकटीला विहिरीवरसुद्धा पाठवलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी मात्र ओझं उचलायला ती लागायचीच. नवरा दिगंबर पुढे, सासू ताईबाई मागे आणि मधे दाबून बसवलेली माया, अशी त्यांची राजदूत मोटारसायकल केडगावला निघायची. सासूचा एक हात सगळी वाट सुनेच्या दंडावर असायचा.

केडगावच्या चौकात पोलीस ट्रिपल सीटवाल्यांना धरायचे, आणि दिगंबर जगात फक्त पोलिसांनाच भ्यायचा. म्हणून पोलीस दिसले की चौकाच्या अलीकडे, रेल्वे स्टेशनच्या बोळापाशी, एकाला उतरावं लागे. ताईबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे उतरायची ती मायाच. बोळातून चालत निघायचं, पोलिसांच्या पलीकडे थांबलेली गाडी गाठायची आणि पुन्हा दोघांच्या मधे बसायचं.

आज बोळ जवळ आला तशी ती दिगंबरच्या कानाशी म्हणाली, "आवं, त्या टपरीच्या आडोशाला मला खाकी दिसली."

त्यानं कचकन ब्रेक मारला. "उतर लवकर! आन् रेंगाळू नको."

पिशवी घ्यायला ताईबाईंनी हात पुढे केला, तोवर माया पिशवीसकट बोळात शिरली होती.

चौकात टपरीपाशी कुणीच नव्हतं. ताईबाई चारी बाजूंनी बघत म्हणाल्या, "आरं, हितं तर एक बी पोलीस न्हाई."



मागं स्टेशनातून पुण्याची गाडी भोंगा देऊन सुटली.