कोरडा पंजा

चीजच्या कारखान्यात आलेल्या तपासनीस बाईंचा संशय काकांवरच होता, कारण प्लाझ्माचं यंत्र तेच चालवायचे. चीज कापायच्या स्टीलच्या टेबलावरून त्याचा थंड, जांभळा झोत फिरला की जंतू मरत. मग शिंपडलेलं पाणी झोत लागला तिथे सारखं पसरे; झोताआड काही आलं, तर तेवढी जागा कोरडी राही. पण गेले तीन दिवस एक जागा कोरडीच राहत होती. हाताच्या पंजाएवढी, पाचही बोटांसकट.

"काका, यंत्र चालू असताना टेबलावर हात टेकवता ना तुम्ही?"

"मॅडम, तेव्हा खोलीला बाहेरून कुलूप असतं. आणि माझा पंजा बघा, याच्या दुप्पट आहे."

होता खरा. तरी बाईंना पटेना. आज त्यांनी कुलूप स्वतः लावलं, काकांना शेजारी उभं केलं आणि डोळ्यांत तेल घालून दाराच्या काचेतून बघत राहिल्या. रिकाम्या खोलीत झोत टेबलभर फिरला आणि विझला.

आत जाऊन बाईंनी पाणी शिंपडलं.

आज पंजे दोन होते. बोटं काचेकडे, टेबलावर रेलून कुणी त्यांच्याचकडे बघत राहावं तशी.

बाईंनी हळूच मनगट टेकवून पाहिलं. बाकी टेबल गार होतं. पंजे कोमट होते.