खोटा दमा

हात ठेवताच खरं दुखणं ओळखून बदलीचा निकाल देणारं यंत्र बदल्यांच्या कचेरीत आलं, तेव्हापासून खोटे दाखले जोडून डोंगरातली शाळा टाळणाऱ्या शिक्षकांची चांगलीच जिरली होती.

"मॅडम, तुमचा दमा खोटा निघाला," साहेब म्हणाले.

"खोटाच आहे," पाडवीबाई म्हणाल्या. "शहरात बदली झाली, म्हणून तिथे दम लागतो असं लिहून आणलं. मला डोंगरातल्या डाबखेडलाच राहू द्या. पोरं आत्ता कुठे भागाकार करायला लागलीत."

"तिथून सुटायला खोटं बोलणारे ढीगभर पाहिले. राहायला खोटं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

तेवढ्यात यंत्राच्या पडद्यावर पुढची ओळ उमटली: दमा नाही, पण शहराच्या नावाने नाडी बिघडते. बदली रद्द.

साहेब चाट पडले. "कुणाला कुठे राहायचंय, हे इतकी वर्षं कुणी तपासलंच नाही."

"तेव्हा यंत्राच्या जागी खुर्चीत माणसं होती ना," बाई म्हणाल्या आणि हसत जीप गाठायला पळाल्या.