यंदाचं कीर्तन

रामनवमीचं कीर्तन दरवर्षी ठरलेलंच, म्हणून सुलभाताई चिपळ्या घेऊनच देवळात शिरल्या. शाळेतली नोकरी सोडून कीर्तनावर पोट भरायचं ठरवल्यानंतरचा हा पहिलाच उत्सव. पण त्यांच्या जागी पांढरा पडदा लावलेला होता.

"या ताई!" विश्वस्त आबा मायेनं म्हणाले. "यंदा तुम्हाला त्रास नाही. गेल्या वर्षीचं तुमचं कीर्तन पोरांनी मोबाइलात घेतलंय, तेच लावतोय. आवाज काय सुरेख आलाय! आजूबाजूच्या गावांनीही मागून नेलंय. प्रसाद घेऊनच जा हं."

रामरायाला हात जोडून त्या बायकांत बसल्या. पडद्यावरच्या सुलभाताईंनी अभंग धरला, तसा सगळा मंडप डोलू लागला. नकळत त्याही गाऊ लागल्या.

मागून कुणीतरी खांद्याला हात लावला.

"हळू गं बाई! कीर्तन ऐकू दे की."