चाळीस रुपयांची भाकरी

अक्षराला बघण्याचा कार्यक्रम लातूरच्या एका हॉटेलात ठरला. दोघांना मोकळं बोलता यावं म्हणून मोठी माणसं मुद्दाम पलीकडच्या टेबलावर बसली. पण वीरेशचं सगळं ध्यान मेनूकार्डातल्या भावांवर.

"एका भाकरीला चाळीस रुपये! लुटायलेत नुसते. आमच्या घरी चुलीवरची, टम्म फुगलेली मिळती. तीबी फुकट."

"कोण करतं?" अक्षरानं विचारलं.

"आई. गुडघे लई दुखतेत तिचे, तरी करती. लग्नानंतर तुम्ही हायच की."

लेकीचा चेहरा बघून पलीकडून आईनं डोळे वटारले. तरी अक्षरानं हात वर करून वेटरला बोलावलंच.

"दादा, आमचं बिल वेगवेगळं करा. आणि मला अजून एक भाकरी आणा. लई स्वस्त हाय तुमची."