थोरलीची गाठ

कुसुमच्या अंडाशयावर तीन सेंटिमीटरची गाठ आहे, असा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला आणि घरात रडारड झाली. सासूने देव पाण्यात ठेवले, ती कुसुमला अंथरुणातून उठू देईना. तिच्या वाटचं सगळं काम धाकट्या जावेकडे, शालनकडे आलं.

तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना शालनच्या ओटीपोटात उजवीकडे एकाएकी जीवघेणी कळ आली. पाठोपाठ उलटी झाली.

"काम वाढलं की हिचं पोट दुखतंच. ओवा खा," सासू म्हणाली.

कुसुमने मात्र विट्याला दवाखान्यात निघताना शालनलाही हट्टाने गाडीत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "साधी पाण्याची गाठ आहे. अशा गाठी बहुतेक आपोआप जिरतात. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर घरातली कामं खुशाल करा." मग त्यांची नजर बाकावर वाकून बसलेल्या, घामाने भिजलेल्या शालनकडे गेली. "यांना काय होतंय?"

"काही नाही, गॅस आहे," सासू म्हणाली.

बाईंनी तपासलं. शालनलाही गाठ होती, संत्र्याएवढी, आणि अंडाशयाला पीळ पडला होता. तासाभरात तिला ऑपरेशनला घेतलं. अंडाशय थोडक्यात वाचलं.

संध्याकाळी शुद्धीवर येताच शालनने विचारलं, "अक्का, तुमच्या गाठीचं काय म्हणाले?"

कुसुमला हुंदका आवरेना. सासूनेच शालनचं पांघरूण सारखं केलं.

"तिला भाकऱ्या थापायला सांगितल्यात," ती म्हणाली. "तू पड गप."