जाकिटाच्या आत

"गळ्यातलं सगळं जाकिटाच्या आत घाला. वर लोंबकळंल असं काहीबी नको," रेणुका म्हणाली.

सिद्धरामअप्पांचा हात आपोआप छातीवर गेला. सदऱ्याखाली शिवदारा होता, त्या दोऱ्याला बांधलेली चांदीची डबी होती आणि डबीत त्यांचं इष्टलिंग. आठव्या वर्षी दीक्षेला गळ्यात आलं ते बासष्ट वर्षांत अंगावरून उतरलं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही नाही. लिंग हरवलं तर अप्पांच्या लेखी माणूस मेल्यात जमा.

धरणाच्या काठावर तीन लांबुडक्या नावा पालथ्या घातल्या होत्या. मुलगा श्रीशैल, सून नेत्रावती आणि दहा वर्षांची नात शैलश्री दोन दिवस स्वतः वल्हवत पलीकडच्या काठाला जाणार, तंबूत राहणार. अप्पा खटकचिंचोळीहून आले होते ते फक्त बघायला, की ही नाव वल्हवायला शिकवणारी कोण. आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं होतं, "आधी मी बसतो. मी बुडलो न्हाई तर पोरीला न्या."

रेणुका हळ्ळीखेडची, शेतकऱ्याघरची. उन्हानं रापलेली, बोलायला मोजकी. तिची शिट्टी जाकिटाच्या कडीला लाल दोरीनं बांधलेली होती. तिनं मागं उभं राहून अप्पांना पाण्यावर तरंगवणारं जाकीट घातलं आणि जरा थांबली.

"अप्पा, शिवदारा कधीचा हाय?"

"कामून?"

"न्हाई, जरा बघू द्या की—"

"बघायचं काय त्यात? तू वल्हं बघ!"



नेत्रावती हळूच म्हणाली, "मामा, बिचारी नीट शिकवायलीय की."

"नीट शिकवणारीची नजर वल्ह्यावर असती. हिची माझ्या गळ्यावर हाय."

रेणुका पुढं येऊन जाकिटाचे पट्टे आवळायला लागली. तेवढ्यात शैलश्री पाण्यात उतरली आणि अप्पा तिच्यावर ओरडायला वळले. गळ्याशी रेणुकाची बोटं वळवळली. अप्पांनी खस्सकन तिचं मनगट धरलं.

"हात काढ!"

"झालं अप्पा."

अप्पांनी सदरा चाचपला. डबी जागच्या जागी होती. तरी त्यांनी पुन्हा एकदा चाचपली.

नावेत अप्पा पुढं, रेणुका मागं. पाठीमागं ती, हे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. ती "एक... दोन..." म्हणत वल्हं मारायला लावत होती. पस्तीस वर्षं मठातल्या प्रवचनाला पेटीची साथ केलेले अप्पा तेवढ्यातही म्हणाले, "ताल सोडायलीस. दोन म्हणायची घाई कामून करतीस?"

"तुम्हीच धरा मग ताल."

अप्पांनी धरला. नाव सरळ जायला लागली. वीस-पंचवीस हात पाण्यात गेल्यावर रेणुकानं वल्हं आत घेतलं.

"आता मी नाव उलटवणार. पाण्यात पडल्यावर एकच काम. दोन्ही हातांनी नाव धरायची. काही झालं तरी सोडायची न्हाई."

"दुसरं काहीच धरायचं न्हाई?"

"काहीच न्हाई."

अप्पांना आता सगळं लख्ख कळलं. हात नावेला, गळा मोकळा. आणि खाली काळा गाळ, त्यात पडलेलं कुणाला सापडतंय! त्यांनी वल्हं टाकलं आणि तोंड उघडलं, पण तोवर आभाळ आडवं झालं होतं.

पाण्याखाली अप्पांचे दोन्ही हात छातीवर घट्ट होते. जाकिटानं त्यांना वर उचललं तेव्हा नाव दूर सरकली होती आणि हनुवटीपाशी शिवदाऱ्याचं तुटकं टोक तरंगत होतं. ते चाचपू लागले. सदऱ्याखाली डबी नव्हती.

"पोरी! माझं लिंग! दे माझं लिंग!"

नाकातोंडात पाणी गेलं. रेणुकानं एका हातानं त्यांची कॉलर पकडली, दुसऱ्या हातानं नाव ओढली.

"हाय अप्पा. जाकिटाच्या आत. हात घाला."

अप्पांनी हात घातला. बगलेपाशी गार चांदी लागली. शिवदारा मानेवर तुटला होता, पण डबीजवळ त्याला लाल दोरी होती, आणि ती जाकिटाच्या आतल्या कडीला बांधलेली होती.

"मानेवर पार झिजलावता दोरा," रेणुका धापा टाकत म्हणाली. "सांगायला गेले तर तुम्ही अंगावर आलात."

"डबीला हात लावलीस?"

"न्हाई. दोऱ्यालाच गाठ मारली."

"खरं?"

"खरं अप्पा."

काठावर येईपर्यंत अप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नेत्रावतीनं टॉवेल दिला, तो त्यांनी खांद्यावर तसाच टाकला. श्रीशैलनं शिवदाऱ्याची तुटकी टोकं मानेमागं बांधून दिली. मग अप्पांनी लाल गाठ बोटांनी ओढून बघितली. पाठ फिरवून दातांनी ओढून बघितली. सुटली नाही.

"नाव सोडलीत तुम्ही," रेणुका म्हणाली.

"हात रिकामे कुठं होते?"

"अज्जा, आता मी बसू?" शैलश्रीनं विचारलं.

"थांब. माझं अजून झालं न्हाई."

ते पुन्हा नावेत जाऊन पुढं बसले. आपणच ताल धरून त्याच जागेपर्यंत नाव नेली आणि मागं न बघता म्हणाले, "उलटव."

नाव उलटली. पाणी फुटून अप्पांचं डोकं वर आलं, तेव्हा त्यांचे दोन्ही हात नावेच्या कडेवर होते.