दुसरा हाफ

हाफ-टाइमची शिट्टी झाली आणि तमीमच्या खिशातला फोन थरथरला. रोह्याच्या मैदानावर फायनल चालली होती. तो ज्यांचा कोच होता ते पेणचं कॉलेज एका गोलने पुढे होतं. फोन गिरजाबाईंचा होता, त्याच्या गोलकीपरच्या आईचा.

"सर, आदेशचे बापाच्या छातीत दुखतंय. जेट्टीवरनं उचलून पेणला दवाखान्यात आणलाय. डॉक्टर बोलतात, काय खरं नाय. सारखा पोराचं नाव घेतोय. त्याला धाडा."

"हो काकी, लगेच धाडतो," तमीम म्हणाला.

त्याने वळून पाहिलं. आदेश गोलपोस्टला टेकून संत्र्याची फोड चोखत होता.

तमीम मुकादम मूळचा खांब गावचा. दोघे भाऊ कतारला होते, त्याचाही व्हिसा आला होता. फुटबॉलपायी तो गेला नाही. पेणच्या कॉलेजात कंत्राटावर लागला तेव्हा तिथे चेंडूत हवा भरायचा पंपसुद्धा नव्हता. पोरं सगळी कबड्डीची. त्यातलाच आदेश. घर धरमतरच्या खाडीकाठी, बाप सखा, एका कंपनीच्या मालवाहू बार्जवर कामाला. चढाईला आलेल्या गड्याच्या पायांवर हा पोरगा कसा झेपावतो ते तमीमने पाहिलं आणि त्याला सरळ नेऊन गोलपोस्टमध्ये उभा केला. त्याच्या भरवशावर दुसऱ्याच वर्षी टीम फायनलला आली. कालपर्यंत ज्यांना टीमचा पत्ता नव्हता ते प्राचार्य आज मांडवात पुढच्या खुर्चीवर बसले होते.

राखीव गोलकीपर अक्षय होता. उंच चेंडू आला की तो डोळे मिटायचा.

दुसरा हाफ तेवढा उरलाय, तमीमने मनाशी म्हटलं. छातीच्या दुखण्यातून माणसं उठतात. आपले अब्बा नाही का उठले? त्याने फोन बंद करून खिशात टाकला आणि आदेशच्या पाठीवर थाप मारली. "जा. लक्ष चेंडूवर ठेव."

रोह्याच्या पोरांनी त्या हाफमध्ये पेणला श्वास घेऊ दिला नाही. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. आदेश डावीकडे झेपावला आणि चेंडू छातीशी धरूनच मातीत पडला. खेळ संपला तेव्हा पोरांनी तमीमला खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी असं उचललं होतं, आणि त्याला खाली उतरायचं होतं.

"आदेश, घरून फोन आलाय," उतरल्या उतरल्या तो म्हणाला. "बाबांना बरं नाही. बस गाडीवर."

फोन कधी आला ते त्याने सांगितलं नाही. वाटेत आदेश मागून विचारत राहिला, "बरं नाय म्हणजे काय झालंय, सर?" तमीमने वाऱ्यात ऐकू येत नसल्यासारखं केलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर जेट्टीची माणसं खाली मान घालून उभी होती. त्यांतला एक पुढे आला. "आताच गेला रं. वाट बघून बघून गेला."

पुढे सगळं तमीमच्या मनासारखं होत गेलं. पेपरात फोटो आला. प्राचार्यांनी शाल दिली. मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजने कायमच्या नोकरीला बोलावलं, आणि तो हो म्हणाला. फक्त रात्रीची झोप तेवढी गेली. सखाच्या तेराव्याला तो धरमतरला गेला तो आदेशला हेच सांगायला, की मी आता मुंबईला चाललो. बाकीचं सांगायचा धीर होईल की नाही, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

पंगत उठली होती. आदेश मुंडण केलेल्या डोक्याने भिंतीशी बसला होता. गिरजाबाईंनी सरांपुढे चहा ठेवला, तेव्हा आदेश एकदम म्हणाला, "आये, बाबाला दुपारीच दवाखान्यात नेलेला ना? मग मला एवढ्या उशिरा कसं कळलं? सरांना फोन कधी केलास तू?"

गिरजाबाईंनी तमीमकडे पाहिलं. पुरतं पाहिलं.

"माझाच उशीर झाला रं," त्या म्हणाल्या. "घाबरले होते. नंबरच घावंना."

"एक फोन करायचा होता, आये. एक फोन." आदेशचा आवाज फुटला. तो उठला आणि आईकडे न बघता खाडीच्या बांधाच्या दिशेने चालता झाला.

चहा तसाच ठेवून तमीम उभा राहिला. "काकी, तुम्ही वेळेवर केला होता. मीच त्याला... मी त्याला खरं सांगतो."

"नका सांगू."

"तो तुम्हाला दोष देतोय."

"देऊ दे." गिरजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तुमाला मी माफ केलंय असं नका समजू. माणूस माझा पोराचं नाव घेत गेला, ते मी मरेस्तोवर इसरायची नाय. पण पोरगं आयशीवर रुसून जाईल कुठं? चार दिसांनी येईल भाकर मागायला. तुमच्यावर रुसलं, तर मागं फिरायचं नाय."

मुंबईचं तर तमीमने अजून कुणाला सांगितलंच नव्हतं. बाहेर आदेश बांधावर पाठमोरा उभा होता.

"सर," गिरजाबाई म्हणाल्या, "बाप गेला त्याचा. आता तुमी पण जायला नको."